गाठीतील युरोकायनेजचे मोजमाप

पडद्यावर जे भांडे वाफाळताना दिसते आहे, त्यात उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाचा द्रव नायट्रोजन आहे. चिमट्यात धरलेला शेंगदाण्याएवढा तुकडा स्तनाच्या कर्करोगाच्या गाठीचा असून, उरलेली गाठ फॉर्मेलिन या जतन करणाऱ्या द्रावणात जाण्यापूर्वीच विकृतिशास्त्रज्ञाने तो कापून वेगळा काढला आहे. या तुकड्यात शोध घ्यायचा आहे तो यूपीए, म्हणजेच युरोकायनेज या विकराचा (एन्झाइमचा).

हेच विकर रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध म्हणूनही वापरले गेले आहे. गाठीत ते प्लाझ्मिनोजेनचे प्लाझ्मिन बनवते आणि हे प्लाझ्मिन पेशींभोवतालचे प्रथिनांचे जाळे तोडून कर्करोगाच्या पेशींना पसरायला वाट करून देते. १९८८ मध्ये डब्लिनच्या मायकेल डफी यांनी आणि १९८९ मध्ये म्युनिकच्या फ्रिट्झ येनिके, मानफ्रेड श्मिट यांच्या गटाने दाखवून दिले, की ज्या गाठींत हे विकर अधिक असते, त्या रुग्णांमध्ये रोग उलटण्याचा धोकाही अधिक असतो. चमत्कारिक बाब अशी, की या विकराला रोखणारे पीएआय-१ हे प्रथिन वाढलेले असणे हेही वाईटच लक्षण ठरले. कारण ते पेशींची पकड सैल करण्यास आणि गाठीत नव्या रक्तवाहिन्या फुटण्यास हातभार लावते.

आता पुढची कृती पाहावी. गोठून दगडासारखा झालेला तुकडा यंत्रात आपटून त्याची पूड केली जाते. ती डिटर्जंट मिसळलेल्या द्रावणात थंड जागी कित्येक तास ढवळत ठेवून नंतर अतिवेगाने फिरवली जाते आणि वर राहिलेला निवळ द्रव तेवढा उचलून घेतला जातो. हवे ते प्रथिन पकडून ठेवणाऱ्या प्रतिपिंडांचा थर दिलेल्या खाचांत तो टाकला, की शेवटच्या टप्प्यावर खाचा आधी निळ्या होतात आणि आम्लाचा थेंब पडताच पिवळ्या. पिवळा रंग जितका गडद, तितके प्रथिन जास्त. त्याच द्रवातील एकूण प्रथिन वेगळे मोजून भागाकार केला जातो. दर मिलिग्रॅम प्रथिनामागे यूपीए ३ नॅनोग्रॅम आणि पीएआय-१ १४ नॅनोग्रॅम, या ठरलेल्या मर्यादा आहेत.

या मर्यादांची कसोटी १९९३ मध्ये सुरू झालेल्या ‘किमो एन-झिरो’ चाचणीत लागली. काखेतील लसिका ग्रंथींपर्यंत रोग न पोहोचलेल्या स्त्रिया तिच्यात होत्या. दोन्ही आकडे कमी असलेल्यांना किमोथेरपी दिली नाही आणि दहा वर्षांत त्यांच्यापैकी १२.९ टक्के जणींचा रोग उलटला. आकडे जास्त असूनही किमोथेरपी न घेतलेल्या गटात हेच प्रमाण २३ टक्के होते. २००७ मध्ये अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या क्लिनिकल ऑन्कॉलॉजी संस्थेनेही आपल्या मार्गदर्शक सूचनांत या मोजमापाला स्थान दिले.

तरीही ते फारसे रुळले नाही, आणि आमच्या मते त्याचे खापर या विकरावर फोडता येणार नाही. फॉर्मेलिनमध्ये प्रथिने एकमेकांना जखडली जातात, त्यामुळे अशी गाठ पॅराफिन या मेणात बसवून केलेल्या ठोकळ्यावर ही चाचणी होत नाही आणि बहुतेक रुग्णालयांत गाठ थेट फॉर्मेलिनमध्येच जाते. पुढे त्या ठोकळ्यांवरच होणाऱ्या जनुकीय चाचण्या आल्या. त्या बऱ्याच महाग असल्या, तरी शस्त्रक्रियागृहापाशी द्रव नायट्रोजन घेऊन कोणाला उभे राहावे लागत नव्हते.