एरंडोलच्या गॅरेजात स्नो-स्कूटर

(दृश्य : महामार्गावर तरंगणारं ऊन. ट्रक. अर्धं उघडलेलं शटर.)

मे महिना. दुपारचे दोन वाजलेत, पारा ४४ वर गेलाय. एरंडोलजवळ महामार्गावरच्या टपऱ्यांनी ताडपत्र्या खाली सोडल्यात. खान्देशात या वेळेला कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही.

आबा मात्र कामाला बसलेत. पुढ्यात ओलं गोणपाट, गोणपाटावर जाड पत्र्याची ताटली आणि ताटलीत क्लच. ट्रॅक्टरचा असेल असं आम्हालाही आधी वाटलं होतं. तो आहे बर्फावर चालणाऱ्या गाडीचा. इंग्रजीत तिला स्नोमोबाइल म्हणतात. फौजेत सगळे म्हणतात स्नो-स्कूटर, आणि आबाही तेच म्हणतात.

(दृश्य : भिंतीवरचा जुना फोटो. पांढऱ्या कपड्यांतले चार जवान, मध्ये स्नो-स्कूटर.)

हा फोटो सियाचीनचा. डावीकडून दुसरे आबा. फौजेत ते ईएमईचे, म्हणजे गाड्या आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलाचे हवालदार होते. १३ एप्रिल १९८४ रोजी ‘ऑपरेशन मेघदूत’ सुरू झालं आणि भारतीय सैन्य त्या हिमनदीवर जाऊन बसलं. तेव्हापासून तिथे रॉकेल, धान्य, औषधं, आजारी माणूस, सगळं पाठीवर, हेलिकॉप्टरने किंवा या गाडीमागे बांधलेल्या स्लेजवर जातं. हिवाळ्यात तापमान उणे ५० पर्यंत उतरतं. तिथे ही गाडी बंद पडली तर तिला ढकलत आणता येत नाही. तिथल्या तिथे, हातमोजे काढून, ती चालू करावी लागते. आबांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तिथेच राहिली. त्याबद्दल ते बोलले नाहीत, आम्हीही विचारलं नाही.

निवृत्त होऊन ते गावी आले, गॅरेज टाकलं. आता दर डिसेंबरला गुलमर्गला जातात. पर्यटकांना फिरवणाऱ्या स्नो-स्कूटरवाल्यांकडे अडीच-तीन महिने फिटर म्हणून राहतात. मार्चमध्ये परत येताना सोबत दोन-तीन पोती असतात. पोत्यांत मोडके क्लच, जळालेले पिस्टन, झिजलेल्या पट्ट्या. उन्हाळाभर ते सामान इथे, एरंडोलात दुरुस्त होतं आणि पावसाळा सरला की परत जातं.

(दृश्य : क्लच उघडताना. हातांवर कॅमेरा.)

आता बघा. या गाडीला आपल्या मोटारसायकलसारखे गिअर नाहीत. गिअर नसलेल्या स्कूटीत असतो तसा रबरी पट्टा दोन चकत्यांमध्ये फिरतो. इंजिनाकडची चकती ही. तिच्या झाकणाचे सहा बोल्ट आबा एकेक फेरा सैल करतात, आळीपाळीने, समोरासमोरचे. एकदम सोडले तर आतली स्प्रिंग झाकण तोंडावर फेकते. झाकण निघायच्या आधी ते पांढऱ्या रंगाने दोन्ही भागांवर एकेक टिंब काढतात. परत बसवताना टिंबासमोर टिंब आलंच पाहिजे. चकती मिनिटाला हजारो फेरे घेते, तोल इतकासा ढळला तरी क्रँकचं बेअरिंग जातं.

झाकण निघालं. आत तीन वजनं, प्रत्येक बोटभर लांब, आणि त्यांच्यासमोर तीन रोलर. इंजिनचा वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात, रोलरवर दाब देतात, या चकतीच्या दोन्ही बाजू जवळ येतात आणि पट्टा वर चढतो. वेग कमी झाला की स्प्रिंग सगळं मागे ढकलते. एवढंच तंत्र. आबा एक रोलर चिमटीत धरून उजेडाकडे नेतात. गोल असायला हवा, पण एका बाजूने चपटा झालाय. ज्वारीचा दाणा दाताखाली आल्यासारखा. हाच दोष. यामुळे गाडी चढावर अडखळते आणि पट्टा जळतो.

भाचा आयटीआय करतो, सुटीत मामाच्या हाताखाली असतो. त्याने सवयीने ग्रीसचा डबा ओढला, तर आबांनी त्याचं मनगटच धरलं.

“ग्रीस नको लावू रे भो. पट्टा घसरी जाई.”

हा क्लच कोरडाच ठेवायचा. पट्ट्याची काळी भुकटी ग्रीसला चिकटते आणि सगळं जाम होतं. बाकी गॅरेजात जे पहिल्या दिवशी शिकवतात, ते इथे विसरावं लागतं.

(दृश्य : पेट्रोलमध्ये धुतले जाणारे रोलर. संथ चित्रण.)

रोलर धुऊन होईपर्यंत या गाडीच्या जन्माची गोष्ट ऐका. ती आबांनीच आम्हाला सांगितली, आणि नंतर आम्ही ती पडताळून घेतली.

कॅनडातल्या क्युबेक प्रांतात वालकूर नावाचं गाव आहे. तिथे जोसेफ-आर्मां बोंबार्डिए नावाचा तरुण मेकॅनिक होता. १९३४ चा हिवाळा. त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या दुखण्याने अत्यवस्थ झाला. पोटात विष पसरलं होतं. दवाखाना लांब, रस्ते बर्फाखाली. मुलगा वाचला नाही. बर्फावर चालणारी गाडी बनवायचे प्रयोग बोंबार्डिए आधीपासून करत होता, आता त्याला दुसरं काही सुचेना. दातेरी चाकावर फिरणाऱ्या रबरी पट्ट्याची त्याची रचना १९३७ मध्ये पेटंट झाली. १९४२ मध्ये कंपनी निघाली. सुरुवातीच्या गाड्या मोठ्या, बसएवढ्या. डॉक्टर, टपाल, शाळेची मुलं त्यातून जायची.

आणि मग १९४८ मध्ये क्युबेक सरकारने खेड्यापाड्यांतले रस्ते हिवाळ्यात साफ ठेवायचं ठरवलं. लोकांची सोय झाली, बोंबार्डिएचं गिऱ्हाईक गेलं. तरी तो थांबला नाही. दलदलीत आणि जंगलात चालणारे ट्रॅक्टर बनवत राहिला आणि १९५९ मध्ये त्याने एक-दोन माणसांची हलकी गाडी काढली, स्की-डू. तिचं नाव खरं स्की-डॉग ठेवायचं होतं, छपाईत चूक होऊन डू झालं, असं सांगतात. पहिल्या वर्षी २२५ गाड्या विकल्या गेल्या. १९६४ मध्ये तो वारला.

अमेरिकेत मिनेसोटा राज्याच्या उत्तर टोकाला रोझो नावाचं गाव आहे, आपल्या भडगावाहूनही लहान. तिथे १९५४ मध्ये पोलारिस कंपनी निघाली. शेतीची अवजारं बनवणाऱ्या लोकांनीच पुढे ही गाडी जोडली. संस्थापकांपैकी एडगर हेटीन १९६० मध्ये वेगळे झाले आणि तिथून शंभरेक किलोमीटरवर थीफ रिव्हर फॉल्स गावात त्यांनी दुसरा कारखाना काढला. त्याचीच पुढे आर्क्टिक कॅट झाली. मोठी शहरं नाहीत, भांडवलदार नाहीत. शेतकऱ्यांच्या मुलांनी वेल्डिंग करून उभा केलेला हा धंदा. आबांना या गोष्टीचं फार अप्रूप आहे, आणि आम्हालाही.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला स्नोमोबाइल बनवणाऱ्या शंभरावर कंपन्या होत्या. १९७१ मध्ये उत्तर अमेरिकेत पाच लाखांच्या आसपास गाड्या खपल्या. पुढे तेलाचे भाव भडकले, एक-दोन हिवाळे कोरडे गेले आणि कंपन्या पत्त्यांसारख्या कोसळल्या. आर्क्टिक कॅटचंच १९८१ मध्ये दिवाळं निघालं होतं, काही वर्षांनी ती पुन्हा उभी राहिली. शेवटी मोठ्या म्हणाव्यात अशा चारच कंपन्या उरल्या.

(दृश्य : फळीवर मांडलेले सुटे भाग. प्रत्येकाला सुतळीने बांधलेली चिठ्ठी.)

ही फळी नीट बघा. प्रत्येक चिठ्ठीवर कंपनी, मॉडेल आणि साल लिहिलंय. आबांच्या अक्षरात, देवनागरीत. ‘यामाहा’ लिहिलेल्या चिठ्ठ्यांची सुतळी लाल आहे. ती २०२३ च्या जूननंतर बांधली.

त्या महिन्यात यामाहाने जाहीर केलं, की स्नोमोबाइलचा धंदा बंद. १९६८ पासून ही कंपनी बर्फावर होती. जपानमधली विक्री २०२२ मध्येच थांबवलेली, युरोपातली २०२४ मध्ये, आणि उत्तर अमेरिकेसाठी २०२५ चं मॉडेल शेवटचं. सुटे भाग देत राहू असं कंपनीने सांगितलं आहे. किती वर्षं, ते गाडीवाल्याला कळायला हवं. आमच्या मते ही तारीख गाडी विकतानाच पावतीवर छापली पाहिजे.

मग आर्क्टिक कॅट. २०१७ मध्ये टेक्स्ट्रॉन या मोठ्या अमेरिकी कंपनीने ती विकत घेतली होती. यामाहाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बऱ्याच स्नोमोबाइलही थीफ रिव्हर फॉल्सच्याच कारखान्यात जुळत होत्या, म्हणजे दोन कंपन्यांचा पाय एकाच खड्ड्यात. २०२३-२४ चा हिवाळा अमेरिकेत आजवरचा सर्वांत उबदार ठरला. बर्फ नाही, गाड्या दुकानातच पडून. २०२४ च्या अखेरीस टेक्स्ट्रॉनने उत्पादन थांबवायचं जाहीर केलं, कामगारांना घरी बसावं लागलं. २०२५ च्या एप्रिलमध्ये कंपनी नव्या मालकांकडे गेली आणि कारखान्यातून पुन्हा गाड्या काढायचं ठरलं.

विजेवरची स्नोमोबाइल बनवणारी मॉन्ट्रियलची टायगा कंपनीही २०२४ मध्ये देणेकऱ्यांपासून संरक्षण मागायला कोर्टात गेली आणि पुढे एका ब्रिटिश उद्योजकाने ती घेतली.

(दृश्य : आबा फोनवर. स्पीकर चालू.)

हा फोन गुलमर्गहून आला. गाडीवाला विचारतोय, “उस्ताद, नई लूँ या पुरानी ही चलाऊँ?”

त्याचा प्रश्न साधा वाटतो, पण तो या धंद्याच्या मुळावरचा आहे. स्नोमोबाइलची नवी मॉडेलं हिवाळा संपताना दाखवतात. वसंत ऋतूत आगाऊ नोंदणी घेतात, त्या आकड्यांवर कारखाने उन्हाळ्यात गाड्या जुळवतात आणि गाडी हातात पडते पुढच्या बर्फात. म्हणजे बर्फ पडेल की नाही हे माहीत नसताना गिऱ्हाइकाने पैसे अडकवायचे, आणि कंपनी राहील की नाही हे माहीत नसताना पुढच्या दहा वर्षांचा भरवसा ठेवायचा. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गच्या उतारांवर पिवळं गवत दिसत होतं. २०२५ च्या फेब्रुवारीत बर्फाअभावी तिथल्या हिवाळी क्रीडास्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या.

आबा त्याला सांगतात, थांब. नव्या मॉडेलचा संगणक उघडायला माझ्याकडे साधन नाही. जुनीचा पिस्टन मी बसवून देतो.

फोन ठेवून ते आमच्याकडे वळतात.

“कंपनी बंद पडनी, मंग पार्ट कोन दी?”

(दृश्य : पांढरी प्लास्टिकची पट्टी, कडेला वितळलेली.)

ही वितळलेली पट्टी हातात घेतली की बर्फ म्हणजे काय ते कळतं. क्लचमधला नव्हे, गाडीखालचा बर्फावर चालणारा रुंद रबरी पट्टा या प्लास्टिकवरून घसरत फिरतो. वंगण कसलं, तर बर्फाचंच. बर्फाचे कण आत उडतात, पट्टी ओली आणि गार राहते. ज्या इंजिनांना पाण्याने गार करतात, त्यांचं गरम पाणीसुद्धा गाडीच्या पोटाखालच्या नळ्यांतून जातं आणि तिथे उडणारा बर्फ ते थंड करतो. गाडीचा रेडिएटर रस्त्यावर पसरलेला आहे म्हणा ना. बर्फ पातळ झाला, खाली दगड-माती लागली, की पट्टी पहिली वितळते. आबा म्हणाले, पूर्वी मोसमाला एक जोडी जायची. या खेपेला पोत्यात अकरा निघाल्या.

अशी पट्टी परदेशातून मागवली तर महिने जातात. म्हणून आबा एक दिवस वितळलेली पट्टी पिशवीत घालून जळगावच्या एमआयडीसीत गेले. जळगाव हे पाइपांचं आणि प्लास्टिकच्या चटयांचं गाव. तिथल्या एका छोट्या कारखानदाराने तीन वेगवेगळ्या प्लास्टिकचे तुकडे दिले, घासून बघा म्हणाला. आबांनी ते तिन्ही महिनाभर आपल्याच मशिनवर घासले, आणि जो सर्वांत कमी झिजला त्याच्या लादीतून आता पट्ट्या कापून घेतात. खाच पाडायचं काम एरंडोलातच होतं. हा पाडताना.

(दृश्य : खाच पाडण्याचं चित्रण, आवाजासह. निवेदन थांबतं.)

(दृश्य : लांबट वही. पानांवर आकृत्या.)

ही वही फौजेतली. बराकीत इंग्रजी मॅन्युअल एकच होतं, ते रात्री उशाला घेऊन आबांनी मराठीत उतरवलं. कोणता बोल्ट किती आवळायचा, स्प्रिंगचा रंग कोणता, किती उंचीवर कार्ब्युरेटरची जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, केवढी. हवा जशी विरळ होते तशी जेट लहान घालावी लागते. त्यासाठी एक अख्खं पान आहे, फुटांत आणि क्रमांकांत. ज्या मॉडेलांची ही वही आहे, त्यांतली काही बाजारातून गेली. गुलमर्गच्या उतारावर मात्र ती अजून पर्यटक वाहतायत. आमचं मागणं एवढंच आहे, की मॉडेल बंद करताना कंपन्यांनी त्याची मॅन्युअलं आणि भागांची मापं सगळ्यांना खुली करावीत. थीफ रिव्हर फॉल्सच्या मेकॅनिकलाही ती लागतील आणि एरंडोलच्याही.

भाचा आता या वहीची पानं मोबाइलवर टिपून ठेवतोय.

(दृश्य : संध्याकाळ. क्लच जुळवताना.)

दोन मोडक्या क्लचमधून एक चांगला निघाला. रोलर एकाचे, वजनं दुसऱ्याची. पांढऱ्या टिंबासमोर पांढरं टिंब. बोल्ट पुन्हा आळीपाळीने. आबा चकती बोटावर तोलून फिरवतात, कान जवळ नेतात, डोळे मिटतात.

(दृश्य : जळगाव रेल्वे स्टेशन. पार्सल ऑफिस.)

नोकरीत असताना आबा झेलम एक्सप्रेसने सुटीवर यायचे आणि तिनेच परत जायचे. आज ते खोकं घेऊन आलेत. खोक्याला सुतळी, सुतळीला चिठ्ठी.

खिडकीतला माणूस विचारतो, “आत काय आहे?”

“गाडीचे पार्ट.”

“कोणत्या गाडीचे?”

आबा सांगतात. तो क्षणभर वर बघतो, मग पावतीवर लिहितो : मशिनरी पार्ट, जुने, १८ किलो.