छत्तीस छातीच्या स्वेटरला किती टाके? आधी तुकडा विणा, धुवा आणि मग मोजा

नमस्कार. ग्वाल्हेरला दिवाळी सरली आणि सकाळच्या उन्हात खुर्ची टाकून बसावेसे वाटू लागले, की माझ्याकडे एकच प्रश्न येऊ लागतो. यंदा तो इतक्या जणींनी विचारला आहे की आजचा पूर्ण भाग मी त्यालाच देणार आहे. प्रश्न असा आहे: "ताई, छत्तीस छातीच्या स्वेटरला किती टाके घालायचे?" काही जणी तर पुढे लिहितात की फक्त आकडा सांगा, बाकीचे आम्ही पाहून घेऊ.

तो आकडा मला सांगता येणार नाही. तुमच्या हातचा, तुमच्या सुयांवर विणलेला, त्याच लोकरीचा आणि एकदा धुतलेला तुकडा समोर असल्याशिवाय तो कोणालाच सांगता येणार नाही. जे लोक लोकर न पाहता, सुई न विचारता आकडा सांगून मोकळे होतात, त्यांच्याबद्दल मला खरोखर वाईट वाटते, कारण त्या एका आकड्यावर समोरच्या व्यक्तीची दीड-दोन महिन्यांची मेहनत उभी राहते.

टाके कसे घालायचे, सुलट आणि उलट कसे विणायचे आणि शेवटी टाके कसे बंद करायचे, हे आज मी दाखवणार नाही. हे दोन टाके ज्यांना येतात त्यांना आजचे सगळे कळेल. आमच्या गल्लीतल्या हिंदी भाषक मैत्रिणी टाक्यांना फंदे म्हणतात आणि सुईला सलाई म्हणतात, पण हिशेब एकच आहे. लोकर घेताना सगळे गुंडे एकाच लॉट नंबरचे घ्या आणि एक गुंडा जास्तीचा घ्या, म्हणजे रंगात फरक पडणार नाही, एवढे सांगून मी पुढे जाते.

सुयांविषयी मात्र थांबून बोलावे लागेल. बाड्यावर, म्हणजे आमच्या ग्वाल्हेरच्या बाजारात, कोणत्याही दुकानात तुम्ही दहा नंबरच्या सुया मागितल्या, तर दुकानदार जुन्या ब्रिटिश नंबराप्रमाणे ३.२५ मिलिमीटर जाडीच्या सुया काढून देतो. या पद्धतीत नंबर वाढतो तशी सुई बारीक होत जाते. आठ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर. अमेरिकी पद्धत याच्या नेमकी उलट आहे. तिथे नंबर वाढला की सुई जाड होते, आणि तिथला आठ नंबर ५ मिलिमीटरचा तर दहा नंबर ६ मिलिमीटरचा असतो. मागच्या वर्षी एका भगिनीने मला लिहिले होते की तिने अमेरिकी कृती पाहून "आठ नंबरच्या सुईने" मुलाची कानटोपी विणली आणि ती त्याच्या डोक्यात शिरेना. तिच्या हाताची काहीही चूक नव्हती. तिने पूर्ण १ मिलिमीटर बारीक सुई वापरली होती. म्हणून कृती कुठलीही असो, नंबर बाजूला ठेवून मिलिमीटर पाहा. भोकांची मोजपट्टी मिळते, तिच्यातून सुई घालून पाहिली की पुसट झालेल्या जुन्या सुईचीही जाडी कळते.

आता मूळ मुद्द्याकडे येते. माझ्या भाच्याच्या स्वेटरपासूनच सांगते, कारण मी हे पुस्तकात वाचण्याआधी त्या स्वेटरवरून शिकले. त्याची छाती छत्तीस इंच, म्हणजे साधारण ९२ सेंटीमीटर. अंगाशी थोडी सैल जागा हवी म्हणून मी स्वेटरचा घेर १०० सेंटीमीटर धरला. मशीनमध्ये धुता येणारी, फार मऊ अशी मेरिनो लोकर आणली. तुकडाही विणला, आणि त्यात १० सेंटीमीटरमध्ये २२ टाके आले. त्याप्रमाणे मागच्या आणि पुढच्या बाजूला मिळून २२० टाके धरले. स्वेटर अंगावर अगदी चपखल बसला. पहिल्यांदा धुतल्यावर तो ११० सेंटीमीटरचा झाला, आणि बाह्या बोटांच्या टोकांपर्यंत आल्या. तुकडा मी विणला होता, मोजलाही होता, पण धुतला नव्हता.

यामागचे कारण समजून घ्या. मेंढीच्या लोकरीच्या तंतूवर अतिशय सूक्ष्म खवले असतात, आणि त्यांच्यामुळे तंतू एकमेकांना धरून राहतात. साधी लोकर गरम पाण्यात जोराने चोळली की हेच खवले एकमेकांत अडकतात आणि कापड आटून जाड होते. मशीनमध्ये धुता यावी म्हणून ज्या लोकरीवर प्रक्रिया करतात, तिचे खवले रसायनाने बोथट केलेले असतात आणि तंतूवर पातळ लेपही दिलेला असतो. त्यामुळे ती आटत नाही, पण तिचे तंतू एकमेकांवरून सरकतात आणि ओले झाल्यावर वीण सैलावते. दुसरे कारण कोणत्याही लोकरीला लागू आहे: विणताना आपण धागा ताणून धरलेला असतो, आणि तो ताण पाण्यात सुटतो. सुईवरून नुकत्याच उतरलेल्या तुकड्याचे माप हे ताणलेल्या धाग्याचे माप असते, आणि स्वेटर घालणारा माणूस तर धुतलेला स्वेटर घालणार असतो.

आता हीच गोष्ट आकड्यांत पाहा. १० सेंटीमीटरमध्ये २२ टाक्यांऐवजी २० टाके आले, म्हणजे फरक फक्त दोन टाक्यांचा. इंचाच्या हिशेबाने तो जेमतेम अर्धा टाका आहे. अर्ध्या टाक्याने काय होते, असे अनेक जण लिहितात. २२० टाके २२ च्या मापाने १०० सेंटीमीटर होतात, आणि तेच २२० टाके २० च्या मापाने ११० सेंटीमीटर होतात. तो अर्धा टाका प्रत्येक इंचात पुन्हा पुन्हा येतो, आणि घेर पूर्ण होईपर्यंत त्याचे १० सेंटीमीटर झालेले असतात. म्हणून मोजताना साडेएकवीस टाके आले तर ते साडेएकवीसच लिहा, सोयीसाठी बावीस लिहू नका.

हा तुकडा मी कॅमेऱ्याजवळ आणते. हा सासऱ्यांच्या स्वेटरसाठी विणला आहे. तुम्हाला दिसेल की तो चांगला रुंद आहे, १५ सेंटीमीटरपेक्षा थोडा जास्तच, आणि चारही कडांना मी प्रत्येक ओळ सुलट विणली आहे, कारण नुसती सुलट-उलट वीण कडेला गुंडाळली जाते. मोजायचे ते मधले १० सेंटीमीटर. कडेचे टाके नेहमी ओढलेले किंवा ढिले असतात, त्यामुळे दहा टाक्यांची पट्टी विणून तिची रुंदी मोजणे हे मोजणे नव्हे. इथे टाचणी लावली आहे, आणि इथे दुसरी. सुलट बाजूने पाहिले की प्रत्येक टाका गव्हाच्या ओंबीतल्या दाण्यांच्या जोडीसारखा दिसतो. एक जोडी म्हणजे एक टाका. मोजून पाहा: वीस, आणि हा अर्धा. साडेवीस. धुण्याआधी याच तुकड्यात १० सेंटीमीटरमध्ये साडेएकवीस टाके होते.

धुण्याचीही एक रीत आहे, आणि ती सोपी आहे: स्वेटर पुढे ज्या प्रकारे धुतला जाणार आहे, त्याच प्रकारे तुकडा धुवा. घरात मशीन लावणार असाल तर तुकडा मशीनमध्ये घाला. स्वेटर आडवा पसरून वाळवणार असाल तर तुकडाही आडवाच वाळवा. आपल्याकडे गच्चीवरच्या दोरीला चिमटा लावून सगळे कपडे टांगतात, आणि ओल्या लोकरीचे वजन एवढे असते की तेवढ्याने स्वेटर लांबतो. ॲक्रिलिक लोकर पाण्याने फारशी बदलत नाही, पण तिला गरम इस्त्री लावली तर वीण कायमची लुळी पडते आणि परत पूर्ववत होत नाही. म्हणून ॲक्रिलिकला इस्त्री लावू नका, तुकड्यालाही नाही आणि स्वेटरलाही नाही.

तिसरी बाजू हाताची आहे. पुष्कळ जणांचा उलट टाका सुलट टाक्यापेक्षा जरा सैल पडतो. स्वेटर गोल सुईवर, म्हणजे न उलटता गोल गोल फिरत, विणला तर सगळ्या ओळी सुलटच येतात, आणि तुकडा मात्र आपण मागे-पुढे, एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट असा विणलेला असतो. अशा वेळी तुकडा खरा असूनही स्वेटरचे माप वेगळे येते. गोल विणायचे असेल तर तुकडाही गोल विणावा. एलिझाबेथ झिमरमन या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत विस्कॉन्सिनला स्थायिक झालेल्या विणकर लेखिकेने यासाठी तुकड्याच्या जागी टोपीच विणावी असे सुचवले होते. मला ही सूचना अतिशय आवडते, कारण माप मिळते आणि घरात एक टोपीही होते.

झिमरमन यांचे 'निटिंग विदाऊट टिअर्स' हे पुस्तक १९७१ सालचे आहे. विणकामावर काय वाचू असे विचारणाऱ्यांना मी सर्वांत आधी त्यांचेच नाव सांगते. त्यांनी स्वेटरचे सगळे भाग छातीच्या टाक्यांच्या टक्केवारीत मांडले. छातीचे टाके शंभर टक्के धरले, तर मनगटाला साधारण २० टक्के, बाहीच्या वरच्या भागाला ३३ टक्के आणि गळ्याला ४० टक्के. म्हणजे छातीचे टाके २०० असतील तर मनगटाला ४०, बाहीला ६६ आणि गळ्याला ८०. ही पद्धत कळल्यावर मला दुसऱ्याच्या कृतीची गरज उरली नाही. मात्र पहिला आकडा चुकला तर मनगट, बाही आणि गळा हे तिन्ही त्याच्याबरोबर चुकतात, आणि तो पहिला आकडा या धुतलेल्या तुकड्यातूनच येतो.

वाचनाविषयी विचारणाऱ्यांसाठी आणखी दोन पुस्तके सांगते. रिचर्ड रट हे इंग्लंडमध्ये लेस्टरचे बिशप होते आणि स्वतः विणत असत. त्यांचा हातविणकामाचा इतिहास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. इतिहास वाचताना मला नेहमी १५८९ सालच्या विल्यम ली यांच्या मोजे विणण्याच्या यंत्राजवळ थांबावेसे वाटते. यंत्राच्या सुया जागच्या जागी बसवलेल्या असतात, म्हणून त्याचे माप ठरलेले राहते. हात थकतो, गप्पांत रमतो, थंडीने आखडतो, आणि प्रत्येक वेळी टाका थोडा बदलतो. दुसरे पुस्तक चार्ल्स डिकन्स यांची १८५९ सालची 'अ टेल ऑफ टू सिटीज' ही कादंबरी. तिच्यातील मादाम दफार्ज ही स्त्री ज्यांचा सूड घ्यायचा त्यांची नावे आपल्या विणीत नोंदवत जाते. सुलट आणि उलट या दोन खुणांत काय काय लिहून ठेवता येईल, हे विणणाऱ्या माणसाला लगेच जाणवते, आणि म्हणून आपण ती कादंबरी थोडी वेगळ्या नजरेने वाचतो.

आता एका आक्षेपाला उत्तर देते, कारण तो दर हिवाळ्यात येतो: "आमच्या आजीने जन्मात असा तुकडा विणला नाही, तरी तिचे स्वेटर कसे बसत?" आजींविषयी मला अपार आदर आहे आणि मी त्यांच्या बाजूनेच बोलते आहे. त्या वर्षानुवर्षे एकाच प्रकारची लोकर आणि त्याच सुया वापरत. आधीचा प्रत्येक स्वेटर त्यांच्यासाठी पुढच्या स्वेटरचा धुतलेला तुकडाच होता. शिवाय विणणे चालू असताना त्या पाठीवर लावून पाहत, जुन्या स्वेटरवर ठेवून पाहत, वितीने मोजत, आणि नाही जमले तर शांतपणे उसवत. आपण आज एक लोकर लुधियानाची आणतो, दुसरी परदेशी मागवतो, आणि सुया कधी बांबूच्या तर कधी स्टीलच्या घेतो. त्यांच्याइतकी एका धाग्याची ओळख आपल्याला होतच नाही.

माझी आजी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील जुन्या घरात राहत असे, आणि तीही काही मोजत नसे असेच आम्ही सगळे समजत होतो. तिची ट्रंक आवरताना टोपडी आणि दुपट्यांच्या खाली मला हा तुकडा मिळाला. मातकट तपकिरी रंगाचा आहे, एका कोपऱ्यात कसर लागली आहे. ही खाली लोंबणारी धाग्याची शेपटी नीट पाहा. हिच्यावर एकापाठोपाठ गाठी मारलेल्या आहेत, आणि त्या दहा आहेत. बरेच दिवस मला त्यांचा अर्थ कळला नव्हता. मग मी दहा नंबरच्या सुयांवर तशाच जाडीची लोकर विणून पाहिली, आणि टाका टाक्याला जुळला. कोणत्या सुईवर विणले ते तिने धाग्यावरच लिहून ठेवले होते.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक तुकड्याच्या शेपटीला सुईच्या नंबराइतक्या गाठी असतात. सोबत वहीत लोकरीचे लेबल चिकटवते, धुण्याआधीचे आणि धुतल्यानंतरचे माप लिहिते, आणि १० सेंटीमीटरमध्ये ओळी किती आल्या तेही लिहिते, कारण काखेपासून खांद्यापर्यंतची उंची ओळींवर ठरते. भाच्याचा स्वेटर मी पूर्ण उसवला. लोकरीच्या लड्या केल्या, धुतल्या, वाळवल्या, आणि २०० टाक्यांवर पुन्हा विणला. तिसरा हिवाळा तो घालतो आहे.

सासऱ्यांच्या स्वेटरचा हिशेब तुमच्यासमोरच करते. छाती ९६ सेंटीमीटर, सैलपणा १० सेंटीमीटर, म्हणून घेर १०६. धुतलेल्या तुकड्यात १० सेंटीमीटरला साडेवीस टाके, म्हणजे १०६ ला २१७ पेक्षा किंचित जास्त. बॉर्डर दोन सुलट, दोन उलट अशी गोल विणायची आहे, त्यासाठी चाराने भाग जाणारी संख्या हवी, म्हणून २१६. मनगटाला २० टक्क्यांनी ४३ येतात, तिथेही चाराचा भाग हवा म्हणून ४४. गळ्याला ८६ येतात, ते मी ८८ करते, कारण त्यांना स्वेटर डोक्यावरून घालताना गळा घट्ट लागतो. आठ नंबरची गोल सुई, ४ मिलिमीटर. टाके घालायला आता सुरुवात करते.