गोदीखालचं जंगल

नमस्कार मंडळी. आज पावसाबद्दल बोलायचंय, पण ह्या वर्षीच्या नाही, हजारो वर्षांपूर्वीच्या. त्या पावसाने आपला किनारा आणि तिथली जंगलं कशी घडवली, कशी मोडली, त्याबद्दल.

माझे आजोबा गोदीत कामाला होते. रविवारी मला भाऊच्या धक्क्यावर न्यायचे आणि दरवेळी प्रिन्सेस डॉककडे बोट दाखवून म्हणायचे, "तिथे खाली जंगल आहे." मी सात-आठ वर्षांचा, मला कळेना समुद्राखाली कुठलं जंगल. पण गोष्ट खरी आहे. ती गोदी सुरू झाली १८८० साली, त्याआधी खणकाम चालू असताना चिखलात शेकडो झाडं सापडली आणि त्यातली कितीतरी सरळ उभी, मुळं जुन्या जमिनीत रुतलेली. उभी बरं का. वाहून आलेलं लाकूड आडवं पडतं. आणि झाडं खैराची, म्हणजे पानातला कात ज्याच्यापासून करतात तो खैर.

मी म्हटलं, आजोबा, खैर तेव्हा समुद्रातच उगवत असेल. ते म्हणाले, "खारं पाणी झाडाला चालतं का ते बघ एकदा." मी ते मनावरच घेतलं. चाळीच्या गॅलरीत आजीची तुळस होती, तिला गुपचूप आठवडाभर मिठाचं पाणी घातलं. आधी पानं कडेने करपली, मग शेंडे माना टाकायला लागले, मग सगळी तुळस वाळली. आजी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आजोबा तिला म्हणाले, "अगं, त्याला नको रागावू, मीच सांगितलं होतं." मग मला कुंडीपाशी बसवून विचारलं, "आता सांग, खैर उभे होते तेव्हा गोदीच्या जागी काय होतं?" मी म्हटलं, कोरडी जमीन. पन्नास वर्षं झाली, ती करपलेली पानं अजून डोळ्यासमोर आहेत.



तर साधारण वीस हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा सव्वाशे मीटरच्या आसपास खाली होता, मुंबईपासून किनारा खूप लांब पश्चिमेला, आणि मोसमी पाऊसही कमजोर. मग हिमयुगात साठलेला बर्फ वितळला, समुद्र चढला. अकरा हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास पृथ्वी उत्तरेकडच्या उन्हाळ्यात सूर्याच्या जास्त जवळ यायची, आज जानेवारीत येते, त्यामुळे तेव्हा जमीन जास्त तापायची आणि पाऊस जोरदार झाला. नद्यांनी गाळ आणला, गोडं पाणी आणलं, खाड्यांमध्ये कांदळवन वाढलं. कांदळवनातल्या तिवराला खारं पाणी चालतं, पण नुसतं खारं नाही, पावसाचं गोडं पाणी त्यात मिसळावं लागतं. म्हणून पाऊस आणि समुद्र दोन्ही एकत्र बघायचे, परत सांगतो, दोन्ही एकत्र. गोदीतल्या खैरांच्या बाबतीत तर समुद्र चढला की जमीनच खचली हाही प्रश्न आहेच.

हे कळतं कशावरून? परागकणांवरून. त्यांचं कवच चिवट असतं, गाळात हजारो वर्षं टिकतं. कारवारसमोरच्या समुद्रतळाचा गाळ काढून बघितला तर साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीपासून हवा कोरडी होत गेल्याचं दिसलं, कांदळवनाचे कण कमी झाले.

तर मंडळी, तुमच्या गावी, वसई असो, उरण असो, विहीर किंवा पाया खणताना काळा चिखल, शिंपले नाहीतर काळं पडलेलं लाकूड निघालं असेल, तर ते किती हात खाली होतं आणि उभं होतं की आडवं, एवढं आम्हाला पत्राने नक्की कळवा.