सप्टेंबरची घंटा आणि कुणाचाच नसलेला बाक

अध्यक्षमहाराज आणि मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय, ‘अमेरिकेत शाळा सप्टेंबरात का भरते?’ उत्तर तुम्हाला ठाऊकच आहे: उन्हाळ्यात पोरं शेतावर लागायची, म्हणून सुट्टी. हे उत्तर चूक आहे, आणि का चूक ते मी सांगणारच आहे. पण आधी पाच मिनिटं गॅरीला जाऊन येऊ. माझी पाच मिनिटं ज्यांनी पूर्वी ऐकलीत ते हसले. हसा.

गॅरी म्हणजे इंडियाना राज्यात, मिशिगन सरोवराच्या दक्षिण काठावर, वाळूच्या टेकड्या सपाट करून 1906 मध्ये वसवलेलं गाव. यू. एस. स्टील कंपनीला पोलादाचा कारखाना हवा होता, गाव ओघानं आलं. नावही कंपनीच्या अध्यक्षाचं, एल्बर्ट गॅरी यांचं. 1910च्या जनगणनेत वस्ती 16,802 आणि 1920 मध्ये 55,378! म्हणजे दर सप्टेंबरला शाळेच्या दारात काय झुंबड उडत असेल बघा. पूर्व आणि दक्षिण युरोपातून आलेल्या कामगारांची पोरं, कित्येकांना इंग्रजीचा गंध नाही, आणि वर्गखोल्या मोजक्या.

1907 मध्ये विल्यम वर्ट नावाचे गृहस्थ तिथे शिक्षणप्रमुख झाले. त्यांचं म्हणणं साधं होतं. पोर मैदानावर असतं तेव्हा बाक रिकामा, पोर बाकावर असतं तेव्हा मैदान रिकामं. मग पोरांच्या दोन फळ्या करा. एक वर्गात गणित-भाषा शिकेल, तेव्हा दुसरी सुतारकामात, व्यायामशाळेत, सभागृहात, मैदानावर. मग अदलाबदल. म्हणजे बाक कुणा एकाचा नाहीच. त्याच इमारतीत दुप्पट मुलं, आणि दिवस मोठा असल्यामुळे शिकणंही जास्त. 1909ची इमर्सन शाळा आणि 1912ची फ्रोबेल शाळा या हिशेबानं चालत. पोहण्याचा तलावसुद्धा होता. रात्री कामावरून सुटलेले आईबाप तिथेच शिकायला यायचे.

आता आपल्याकडच्या दोन पाळ्या आठवल्या ना? थांबा, इथे माझी एक तक्रार आहे. मी सकाळच्या पाळीचा. माझ्या बाकावर दुपारी कोण बसायचं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण तो प्राणी खणात चिंचोके ठेवून जायचा, आणि करकटकानं कोरलेल्या माझ्या नावापुढे रोज एक नवीन विशेषण लिहायचा. ‘हुशार’ एकदाही लिहिलं नाही. मी हेडसरांकडे गेलो, तर बाक खराब केला म्हणून छडी मलाच. पुरावा माझ्याच नावाचा होता! तर मंडळी, आपल्या दोन पाळ्या म्हणजे अर्धा दिवस शाळा, उरलेला अर्धा उकिरडे फुंकायला. वर्टसाहेबांकडे मूल दिवसभर शाळेत होतं. फरक एवढा मोठा आहे, आणि आमचे शिक्षणखात्यातले मित्र तो ऐकूनच घेत नाहीत. असो.

अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी 1915 मध्ये मुलीबरोबर लिहिलेल्या पुस्तकात गॅरीच्या शाळांची भलावण केली. त्या सुमारास न्यू यॉर्कला कोलंबिया विद्यापीठात आपले बाबासाहेब ड्यूईंच्या वर्गात बसत होते. त्याच न्यू यॉर्कमध्ये महापौर मिचेल यांनी ही योजना आणली, आणि 1917च्या ऑक्टोबरात पोरं रस्त्यावर आली, दगडफेक झाली. स्थलांतरित आईबापांना वाटलं, आमच्या मुलांना कॉलेजऐवजी कारखान्यात धाडायचा हा डाव आहे. कारखानदारांच्या गावची योजना म्हटल्यावर संशय येणारच, मला तो वावगा वाटत नाही. नोव्हेंबरच्या निवडणुकीत मिचेल पडले, योजना गुंडाळली.

आणि खुद्द गॅरीत? बाक कुणाचाच नाही म्हणणाऱ्या त्या गावात 1927च्या सप्टेंबरात, वर्ष नुकतंच सुरू झालेलं असताना, काही काळी मुलं इमर्सन शाळेत दाखल झाली. शेकडो गोरी मुलं वर्ग सोडून संपावर गेली. गावानं कुणाचं ऐकलं? संपवाल्यांचं. काळ्या मुलांसाठी पुढे वेगळं रूझवेल्ट हायस्कूल उभं राहिलं. वर्ट तेव्हाही शिक्षणप्रमुख होते. त्यांची थोरवी सांगणारे हे पान गाळतात, म्हणून मी मुद्दाम सांगतो.

चिठ्ठी आली. सात मिनिटं. बरं, विषयाकडे.

शेतीचं उत्तर चूक, कारण शेतकऱ्याला पोरगं लागतं ते वसंतातल्या पेरणीला आणि शरदातल्या सुगीला. एकोणिसाव्या शतकात खेड्यांतल्या बऱ्याच शाळा हिवाळ्यात एक सत्र आणि उन्हाळ्यात एक सत्र भरायच्या. म्हणजे सप्टेंबर उलट अडचणीचाच! शहरांत तर 1840च्या सुमारास न्यू यॉर्कची शाळा वर्षाला सुमारे अडीचशे दिवस चालायची. उन्हाळ्यात खोल्या तापायच्या, बऱ्या घरचे लोक गाव सोडून हवापालटाला जायचे, हजेरी घसरायची, आणि फार अभ्यासानं मेंदू शिणतो असं डॉक्टर सांगायचे. शहरांनी दिवस कमी केले, खेड्यांनी वाढवले, आणि मधली रिकामी जागा उन्हाळ्याला मिळाली. 1894 पासून सप्टेंबरचा पहिला सोमवार कामगार दिनाची सुट्टी. तिच्या आगेमागे शाळा उघडायची वहिवाट पडली.

वर्टना तो रिकामा उन्हाळाही खुपत होता. गॅरीआधी, 1904 मध्ये, इंडियानातल्याच ब्लफ्टन गावात त्यांनी वर्षाचे चार भाग केले, मुलानं कुठलेही तीन करायचे. न्यू जर्सीतल्या न्यूअर्क शहरानं 1912 मध्ये बारमाही शाळा काढल्या, त्या 1931 पर्यंत टिकल्या, मग महामंदीत...

दुसरी चिठ्ठी. प्रश्न विचारा, फक्त ‘आपल्याकडे जूनच का’ हा नको. त्याचं उत्तर द्यायला मागच्या रांगेत विदर्भातली मंडळी बसली आहेत, त्यांच्या शाळा आपल्यानंतर का उघडतात ते त्यांनाच विचारा.