कॉलमधली घरघर नेमकी कुठे अडवायची?

[चालू असलेल्या स्पीकरशेजारी फोन ठेवून कॉल लावायचा. टर्र-टर्र-टर्र ऐकू येऊ द्यायचं.]

हा आवाज तुमच्या ओळखीचा असणार. आता फोन हळूहळू लांब नेते... बघा, हातभर अंतर पडलं आणि घरघर जवळजवळ गेलीच. फोन आणि स्पीकर कुठल्याही वायरने जोडलेले नाहीत, म्हणजे हे सगळं हवेतून येतंय. फोनच्या आतही असंच घडतं, आणि मग समोरच्या माणसाला तुमच्या बोलण्याखाली सतत ही घरघर ऐकावी लागते.

पण रेडिओ लहर तर 900 मेगाहर्ट्झची, ती कानाला ऐकू येईलच कशी? खरी गोम 2जीच्या, म्हणजे जुन्या मोबाइल नेटवर्कच्या, पद्धतीत आहे. एकाच चॅनेलवर आठ फोन आळीपाळीने बोलतात. प्रत्येकाच्या वाट्याला 577 मायक्रोसेकंद येतात आणि पुढची पाळी 4.615 मिलिसेकंदांनी. म्हणजे फोन सेकंदाला साधारण 217 वेळा चालू होतो, 2 वॉटपर्यंत जोर लावतो आणि गप्प बसतो. ही उघडझाप माइकच्या ट्रान्झिस्टरपर्यंत पोचली की तो नकळत रेडिओ रिसीव्हरचं काम करायला लागतो. 900 मेगाहर्ट्झ मागे राहतं आणि 217 हर्ट्झचा आवाज पुढे जातो.

"मग सॉफ्टवेअरने 217 कापून टाका की!" इतकं सोपं नाही हो. त्याच्या मागोमाग 217 च्या पटीत 434, 651, 868 अशी रांगच येते, आणि साध्या फोन कॉलचा आवाज 300 ते 3400 हर्ट्झमध्येच बसतो. ही सगळी रांग कापायला गेलात तर बोलणाऱ्याचा आवाजच पोकळ होतो. दुसऱ्या माइकने गोंगाट ओळखून वजा करण्याची सोयही इथे फारशी चालत नाही, कारण हा आवाज खोलीत नसतोच, तो तारेत जन्माला येतो. म्हणून माझं ठाम मत आहे: रेडिओ लहरीचं रूपांतर आवाजात होण्याआधीच तिला अडवा.

वापरणाऱ्याच्या हातात काय आहे? सगळ्यात आधी सिग्नल. तो चांगला असला की टॉवरच्या सूचनेनुसार फोन आपला जोर पायरी-पायरीने कमी करतो, 2 वॉटवरून अगदी काही मिलिवॉटपर्यंत. त्यामुळे घरघर आली की खिडकीपाशी जाऊन बघा. 4जीवर कॉल करण्याची सेटिंग असेल तर ती चालू ठेवा, 217 ची ही ठरावीक घरघर तिथे नसते. वायरचा इयरफोन काढून बघा. लहरीच्या पाव लांबीएवढी तारही अँटेना होते; 900 मेगाहर्ट्झला ही पाव लांबी जेमतेम 8 सेंटिमीटर, तेव्हा ती वायर म्हणजे आयता अँटेना. चार्जरही काढा. त्याने आवाज थांबला तर दोष चार्जरच्या बाजूचा, रेडिओचा नाही.

आता सर्किट बनवणाऱ्यांसाठी.

[माइकची पट्टी कॅमेऱ्याजवळ धरायची.]

माइकच्या दोन टोकांमधला हा कण दिसतोय? हा 33 पिकोफॅरडचा (पिकोफॅरड हे कपॅसिटरचं माप) कपॅसिटर. इतका छोटा का, मोठा लावला तर जास्त गाळेल ना? उलट होतं. प्रत्येक कपॅसिटरमध्ये थोडा इंडक्टन्स, म्हणजे वेगाने बदलणाऱ्या करंटला अडवण्याचा गुण, असतोच. या मापाचा चिप कपॅसिटर त्या इंडक्टन्सबरोबर 900 मेगाहर्ट्झच्या आसपास रेझोनन्सला येतो, म्हणजे तिथे दोघांचा अडथळा एकमेकांना खोडतो, आणि नेमक्या त्याच लहरीला ग्राउंडची (सर्किटच्या शून्य व्होल्टेजच्या भागाची) सोपी वाट करून देतो. मोठा कपॅसिटर तिथे इंडक्टरसारखा वागायला लागतो. 1800 मेगाहर्ट्झसाठी साधारण 10 पिकोफॅरडचा वेगळा लावतात. मात्र कपॅसिटर कुठलाही असो, तो माइकला अगदी चिकटून हवा. सेंटिमीटरभर लांब गेला तर मधल्या ट्रॅकच्या इंडक्टन्सने सगळी मेहनत वाया जाते. माइकच्या दोन्ही तारा शेजारी-शेजारी न्या आणि खाली सलग ग्राउंड ठेवा.

एवढं करूनही घरघर राहिली तर संशय बॅटरीवर घ्या. प्रत्येक पाळीला पॉवर ॲम्प्लिफायर (रेडिओ लहरीला जोर देणारा भाग) जवळपास 2 अँपिअर ओढतो, व्होल्टेज सेकंदाला 217 वेळा खाली बसतं आणि माइकच्या पुरवठ्यात शिरतं. पारख करायची तर अँटेना काढून तिथे 50 ओहमचा डमी लोड लावा, म्हणजे लहर हवेत न सोडता जिरवणारा रेझिस्टर. घरघर थांबली तर ती हवेतून येत होती, कपॅसिटर आणि ग्राउंडकडे परत जा. तशीच राहिली तर माइकला वेगळा रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) द्या आणि ॲम्प्लिफायरची ग्राउंडची वाट ऑडिओच्या वाटेपासून वेगळी ठेवा.