कपाटाची किल्ली

मंडळी, आजचा विषय आहे ग्रामीण भागातली माता आणि नवजात आरोग्यसेवा. नाव भारदस्त आहे. मी मात्र एका किल्लीपासून सुरुवात करतो.

काही वर्षांपूर्वी एका खेड्यातल्या आरोग्य केंद्रात प्रशिक्षणासाठी गेलो होतो. बाळंतपणाची खोली लख्ख होती, भिंतीवर तक्ते लावलेले. मी विचारलं, ‘बाळ रडलं नाही तर?’ नर्सताईंनी धडाधडा सांगितलं: कोरडं करायचं, ऊब द्यायची, पाठ चोळायची, तरी श्वास नाही घेतला तर अंबू बॅग, म्हणजे हातानं दाबून हवा द्यायची पिशवी, आणि मास्क. सगळं बरोबर. म्हटलं, दाखवा करून. तर बॅग कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली साहेबांच्या खिशात आणि साहेब रजेवर! सव्वा तासानं किल्ली आली. न रडलेल्या बाळाला श्वास द्यायला सुरुवात करायची असते पहिल्या मिनिटात. तपासणीच्या कागदावर मात्र ‘बॅग उपलब्ध’ अशी खूण होती. खोटी नव्हती ती. बॅग होतीच ना!

सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी 1994 मध्ये बाळंतिणींच्या मृत्यूंमागचे तीन विलंब मांडले. घरातून निघायचं ठरवायला लागलेला वेळ, पोहोचायला लागलेला वेळ आणि पोहोचल्यावर उपचार मिळेपर्यंतचा वेळ. पहिल्या दोघांवर आपण खूप बोलतो: सासूबाईंना समजावा, रस्ता करा, गाडी ठेवा. सगळं हवंच. पण तिसरा विलंब आपल्या, म्हणजे दवाखानेवाल्यांच्या घरातला आहे, म्हणून त्याच्याबद्दल बोलताना आपला आवाज जरा खाली जातो. मी आज त्याच्यावरच बोलणार आहे.

रक्तस्राव घ्या. बाळ झालं, वार पडली, सगळे बाळाकडे वळले आणि इकडे अंगावर जायला लागलं. जोराचा स्राव असेल तर दोन तासांत बाई जाऊ शकते. आपण अंदाज कशावर करतो? डोळ्यावर. चादर भिजते, काही गादीत मुरतं, काही बादलीत पडतं, आणि ‘थोडंच गेलंय’ असं म्हणत आपण थांबतो. अनुभवी माणसाचा डोळासुद्धा इथे फसतो, माझाही फसलाय. यावर उपाय फार साधा आहे. बाईच्या खाली प्लॅस्टिकचं एक कापड पसरायचं. त्याला पुढे नरसाळ्यासारखी पिशवी असते, पिशवीवर मिलीलिटरच्या रेघा. रक्त जमतं आणि रेघ बोलते. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या 80 रुग्णालयांमध्ये हे कापड वापरलं आणि स्राव दिसताच गर्भाशय चोळणं, ऑक्सिटोसिन (गर्भाशय आवळणारं औषध), ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड (रक्ताची गुठळी टिकवणारं औषध), सलाईन आणि तपासणी हे सगळं एकदम सुरू केलं. गंभीर परिणाम 60 टक्क्यांनी घटले. हा अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकही औषध नवं नव्हतं!

ऑक्सिटोसिन 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं, हे इथल्या सगळ्यांना पाठ आहे. रात्री वीज गेल्यावर फ्रिजकडे कोण बघतं, हा प्रश्न प्रशिक्षणात कुणी विचारत नाही.

झटक्यांचं थोडक्यात सांगतो. बीपी चढलंय, डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, झटके यायची लक्षणं आहेत, तर मॅग्नेशियम सल्फेटचा, म्हणजे झटके रोखणाऱ्या औषधाचा, पहिला डोस देऊन मगच गाडीत बसवायचं. कोरडी चिठ्ठी देऊन ‘रेफर’ करणं म्हणजे विलंब पुढच्याच्या गळ्यात घालणं.

आता बाळ. नवजात बाळांच्या मृत्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यात होतात. त्यात गारठा हा चोर आहे, आवाज न करता येतो. हाताच्या पाठीनं आधी पोट बघा, मग तळपाय. पोट कोमट आणि तळपाय गार, म्हणजे बाळ गारठायला लागलंय. या परीक्षेला यंत्र लागत नाही. कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरायची पद्धत, आपलं कांगारू मदर केअर, कोलंबियातल्या बोगोटात 1978 मध्ये सुरू झालं, तेही इन्क्युबेटर पुरेनात म्हणून. पूर्वी बाळ स्थिर झाल्यावरच आईकडे देत. 2021 च्या पाच देशांतल्या अभ्यासात जन्मल्याबरोबर छातीशी दिलं, तर मृत्यू 25 टक्क्यांनी कमी झाले. पण त्यासाठी आईला बाळाच्या कक्षातच खाट हवी. आपण बाळाला ऊब देणारं यंत्र, वॉर्मर मागवतो, खाट मागवत नाही.

आणि घरी गेल्यावर? गडचिरोलीतल्या 39 गावांमध्ये गावातल्याच बायकांना शिकवलं. त्या घरोघर जाऊन बाळ तपासायच्या, जंतुसंसर्ग ओळखून औषध द्यायच्या. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी कमी झाले, हे 1999 मध्ये छापून आलं. मला त्यात सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती ही, की औषध त्या गावातल्या बाईच्याच पिशवीत होतं. कुणाकडे किल्ली मागायची गरज नव्हती.

त्या केंद्रात दोन महिन्यांनी पुन्हा गेलो. बॅग टेबलाच्या डोक्याशी खिळ्याला टांगलेली, मास्क नुकताच धुतलेला. ‘दोनदा लागली,’ नर्सताई म्हणाल्या. साठा नोंदवहीत मात्र अजून ‘कपाट क्र. 2’ असंच लिहिलेलं होतं.