रेसिंग सूटवर बॅज लावताय? आधी बॉबिनचा दोरा बघा

नमस्कार मंडळी. टेबलावर हे दोन बॅज ठेवलेत. दोन्ही 8 बाय 8 सेंटिमीटर, तेच नाव, तोच रंग. समोरून बघितलं तर फरक कळत नाही. आता उलटे करतो.

[बॅज उलटे, कॅमेरा जवळ]

हा डावीकडचा बघा. मागे चकचकीत पातळ थर दिसतोय ना, तो फ्युझिंगचा गोंद आहे. इस्त्री फिरवली की चिकटतो. उजवीकडच्याला गोंद नाही. मागे नोमेक्सचं, म्हणजे सहजी पेट न घेणाऱ्या मेटा-अरामिड धाग्याचं कापड आहे आणि त्यावर बॉबिनच्या, म्हणजे मशीनच्या खालच्या रिळाच्या, दोऱ्याचे टाके दिसतायत. आगीपासून वाचवणाऱ्या रेसिंग सूटवर फक्त हा उजवीकडचा चालतो. आजचा सगळा विषय बॅजच्या या मागच्या बाजूचा आहे.

संभाजीनगर, नांदेड, लातूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली पोरं फॉर्म्युला भारत, बाहा अशा स्पर्धांसाठी गाड्या बांधतात, काही जण रॅलीत उतरतात. सूट महागाचा असतो, तो नीट सर्टिफिकेट बघून घेतला जातो. मग प्रायोजकाचा लोगो येतो आणि सूट जातो कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीच्या दुकानात. तिथले कारागीर पैठणीच्या ब्लाऊजवर मोर काढतात, शाळेच्या गणवेशाचे लोगो काढतात, हात उत्तम असतो. पण त्यांच्या मशीनवर पॉलिस्टर नाहीतर रेयॉनचा दोरा लावलेला असतो. चूक त्यांची नाही. काय वापरायचं ते आपण सांगायला पाहिजे.

आधी नियम. एफआयए ही मोटर शर्यतींची जागतिक संघटना, तिच्या आंतरराष्ट्रीय क्रीडा संहितेत परिशिष्ट एल आहे, त्यात चालकाच्या कपड्यांचा भाग येतो. सूटवर थेट भरतकाम करायचं असेल तर ते फक्त सर्वांत बाहेरच्या थरावर. बॅजच्या मागचं कापड आणि बॅज शिवायचा दोरा, दोन्ही आग न पकडणारे. सूटचं मानक 8856-2000 किंवा त्यानंतरचं 8856-2018. काही स्पर्धांत अमेरिकेतल्या एसएफआय संस्थेचं 3.2ए/5 हे मानक चालतं. तुमच्या स्पर्धेत नेमकं काय मागितलंय ते यंदाच्या नियमावलीत बघा, मागच्या वर्षीची पीडीएफ उघडू नका.

आता फक्त बाहेरचाच थर का? या कापडाची एक चाचणी असते, आयएसओ 9151. कापडाच्या खाली ज्योत, दर चौरस मीटरला 80 किलोवॅट उष्णता. वरच्या बाजूचं तापमान 24 अंशांनी वाढायला किती सेकंद लागतात ते मोजतात. 8856-2000 च्या सूटला किमान 11 सेकंद लागतात. हे सेकंद नुसत्या कापडाने मिळत नाहीत, दोन-तीन थरांच्या मधल्या हवेने मिळतात. तुम्ही सगळ्या थरांतून दाट भरतकाम केलं की ते थर एकमेकांवर आवळले जातात, हवा निघून जाते आणि उष्णता थेट आत पोचते. नेमकी तीही छातीवर, कारण लोगो तिथेच हवा असतो.

2020 मध्ये बहारीनच्या फॉर्म्युला वन शर्यतीत रोमां ग्रोजां हा चालक जवळपास अर्धा मिनिट आगीत होता आणि जिवंत बाहेर आला. त्याचे हात भाजले. अशा वेळी एकेका सेकंदाला किती किंमत असते ते त्यावरून समजून घ्या.

आता दोरा. पॉलिस्टर साधारण 255 ते 260 अंशाला वितळतो. वितळलेला थेंब कातडीला चिकटतो आणि भाजतच राहतो. नोमेक्स वितळत नाही, साधारण 370 अंशाच्या पुढे कोळसा व्हायला लागतो. रेयॉन आणि साधं सूत वितळत नाही, पण सरळ पेटतं. दोरा खरा आहे का हे घरी तपासता येतं. अंगणात, स्टीलच्या ताटात, शेजारी पाण्याची बादली ठेवून करा.

[चिमट्यात दोरा, लायटर]

10 सेंटिमीटरचा तुकडा चिमट्यात धरला. हा पॉलिस्टर. ज्योत जवळ नेली की आधी आक्रसतो, मग काळा धूर, टोकाला कडक मणी. हा सुती. जळतो, ज्योत काढली तरी टोक धुमसत राहतं, कागद जळाल्यासारखा वास. आणि हा नोमेक्स. ज्योतीत काळा पडतो, ज्योत काढली की विझतो, थेंब नाही, मणी नाही. नखाने दाबा, चुरा होतो. ही परीक्षा फक्त खोटा माल ओळखायला आहे, सर्टिफिकेटची जागा ती घेत नाही. दोरा घेताना त्यावर मेटा-अरामिड लिहिलेलं बघा आणि बिल जपून ठेवा. आणि सूटवर लायटर लावून बघायचा नाही, कधीच नाही.

बॅज बनवताना सगळ्यात जास्त फसगत कुठे होते? बॉबिनमध्ये. वरचा दोरा नोमेक्सचा दिला, मास्तरांनी लावला, पण खाली बॉबिनमध्ये रोजचा पांढरा पॉलिस्टर तसाच राहिला. बॅजच्या मागची अख्खी बाजू त्याचीच होते. दुसरं, फ्रेममध्ये कापडाखाली जो पेपर घालतात तो बहुतेक वेळा पॉलिस्टर किंवा व्हिस्कोजचा असतो. त्याच्याऐवजी नोमेक्स कापडाचाच आणखी एक तुकडा घालायला सांगा. तिसरं, कडेची जाड ओव्हरलॉक किनार. ती नकोच. बॅज 8 सेंटिमीटरचा हवा असेल तर कापड साडेनऊ सेंटिमीटरचं कापा आणि चारही बाजूंनी पाऊण सेंटिमीटर आत दुमडा. कोपरे गोल ठेवा, टोकदार कोपरा धुण्यात उचलला जातो.

नियमाची भाषा मागचं कापड आणि शिवायचा दोरा एवढ्यावर थांबते. माझं मत विचाराल तर समोरची नक्षीही नोमेक्सच्याच दोऱ्यात करा. रंग कमी मिळतात, लोगोची छटा थोडी इकडेतिकडे होईल. प्रायोजकाला तसं आधीच सांगा, समजून घेतात.

आता सूटवर शिवणं. तयार सूट एम्ब्रॉयडरी मशीनवर चढवायचा नाही. फ्रेम सगळे थर एकत्र आवळते, सुई आरपार जाते. काही जण अस्तराची शिवण उसवून हात आत घालतात. उत्पादकाने लेखी हो म्हटल्याशिवाय ते करू नका, शिवण हासुद्धा सूटच्या मान्यतेचा भाग आहे. हाताने, बाहेरून, वाकड्या सुईने शिवायचं.

[जवळून हात]

बघा, अंगठा आणि तर्जनीने बाहेरचं कापड चिमटीत धरलं. किंचित वर उचललं. आता चिमटी सरकवून बघा, आतला थर खाली मोकळा सरकला पाहिजे. सरकत नसेल तर तिथे थर एकमेकांना क्विल्ट केलेले, म्हणजे गोधडीसारखे टाके घालून जोडलेले आहेत, बॅजची जागा बदला. सगळाच सूट क्विल्ट केलेला असेल तर बॅज उत्पादकाकडूनच लावून घ्या.

बॅज जागेवर ठेवून नोमेक्सच्याच दोऱ्याने चार बाजूंना कच्चे टाके घाला. मग तुरपाई, 3 मिलिमीटरला एक टाका. 8 सेंटिमीटरच्या चौकोनाचा घेर 32 सेंटिमीटर, म्हणजे शंभरएक टाके. दोरा दीड मीटर धरा, अर्ध्या अर्ध्या मीटरचे तीन तुकडे. लांब दोरा घेतला की घासून तंतू सुटतात. दर आठ-दहा टाक्यांनी तीच चिमटी पुन्हा, आतला थर सरकतोय का. शेवटची गाठ बॅजच्या दुमडीत लपवा. दोरा ओढून ताणू नका, कापडाला चुण्या पडल्या तर टाका घट्ट झालाय.

जागा कुठली? खांद्यावरचे पट्टे सोडा, अपघातात तिथूनच धरून चालकाला बाहेर ओढतात. सीटबेल्ट छातीवरून जिथून जातो तिथे जाड बॅज टोचतो आणि घासून फाटतो, म्हणून सूट घालून, गाडीत बसून, बेल्ट लावून खडूने जागा आखा. कॉलरमागे मानकाचं लेबल असतं, ते झाकलं गेलं तर तपासणीला अडवतील. तिरंगा लावायचा तर कमरेच्या वर. कमरेखालच्या पोशाखात तो वापरायला 1971 च्या कायद्याने मनाई आहे.

वेल्क्रो, रबरी पॅच, सेफ्टी पिन, हीट प्रेसचा स्टिकर: यातलं काहीच नको. वेल्क्रो नायलॉनचा असतो, तो वितळतो. पिन तापते.

धुण्याचं आपल्याकडे वेगळंच आहे. बोअरच्या क्षारवट पाण्यात साबण नीट निघत नाही, म्हणून दोनदा जास्तीचं खळबळून घ्या. ब्लीच नाही, सॉफ्टनर नाही. लॉन्ड्रीत दिला तर स्टार्च घालू नका असं लिहून द्या, स्टार्च जळतो. आणि आपल्या मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर वाळत घालू नका. अतिनील किरणांनी अरामिडचा रंग उडतो आणि ताकदही जाते. सावलीत, उलटा करून, हवेवर.

जुना पॉलिस्टर बॅज आधीच लावलेला असेल तर टाके एकेक करून उसवण्याच्या हत्याराने कापा, चिमट्याने दोऱ्याचे तुकडे वेचून काढा. बॅज ओढून काढलात तर बाहेरचं कापड फाटतं. बॅज चिकटवलेला असेल तर थिनर, पेट्रोल लावू नका. गोंद निघत नसेल तर जवळून फोटो काढा, लेबलचा फोटो जोडा आणि उत्पादकाला विचारा. त्यांचं उत्तर येईपर्यंत तो सूट घालून गाडीत बसू नका.